कमरेला बांधलेला पंचा

1573 सालच्या मार्च महिन्यात, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, लंडनजवळच्या ग्रीनिच राजवाड्यात राणी पहिली एलिझाबेथ हिने 39 गरीब बायकांचे पाय धुतले. एकोणचाळीसच का, तर राणीचे वय तेवढे होते. हजर असलेल्या एका माणसाने त्या समारंभाचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले आहे. त्यातली गंमत अशी, की राणीच्या हाती येईपर्यंत ते पाय तीनदा धुवून झाले होते. आधी राजवाड्याच्या धोबिणीने ते कोमट पाण्याने आणि सुगंधी फुलांनी धुतले. मग दानधर्म पाहणाऱ्या दुय्यम अधिकाऱ्याने, आणि त्याच्यानंतर मुख्य अधिकाऱ्याने. राणीचा क्रम चौथा. तिच्यासाठी गालिचा आणि उशा मांडलेल्या होत्या. त्यांवर गुडघे टेकून तिने प्रत्येकीचा एकेक पाय धुतला, पुसला, त्यावर क्रुसाची खूण केली आणि त्याचे चुंबन घेतले.

एलिझाबेथने रोमशी फारकत घेतली होती, पण हा विधी तिच्याकडे जुन्या कॅथॉलिक इंग्लंडकडून चालत आला होता. कॅथॉलिक दरबारांत तर तो पुढेही शतकानुशतके टिकला. व्हिएन्नाचा सम्राट फ्रान्झ जोझेफ दर वर्षी बारा गरीब म्हाताऱ्यांचे पाय धुवायचा. दरबारच्या गाड्या त्यांना घेऊन येत आणि विधी आटोपला की परत पोचवत. शुक्रवारी सम्राट पुन्हा सम्राट आणि म्हातारे पुन्हा म्हातारे. वाचताना हसू येते आणि ते यायलाच हवे. पण युरोपातल्या सर्वांत उंच आसनांवर बसणाऱ्यांना वर्षातून एकदा, खोटे-खोटे का होईना, गुडघ्यांवर यावे लागे. ही सक्ती त्यांच्यावर कोणी केली? कुठल्या कायद्याने नाही. त्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असलेल्या एका गोष्टीने केली. कॅथॉलिक श्रद्धेतल्या लीनतेचा आणि सेवेचा विचार त्या गोष्टीपासूनच सुरू करावा लागतो.

ती गोष्ट एका जेवणाची आहे. जेरुसलेममधली माडीवरची खोली, वल्हांडण सणाचे दिवस, आणि दुसऱ्याच दिवशी क्रुसावर जाणारा येशू. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांच्या शुभवर्तमानांत या रात्रीचा गाभा भाकर आणि द्राक्षरस हा आहे. आज जगभर ज्या मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या उपासना, होतात त्यांचे मूळ तिथे आहे. योहान मात्र भाकरीबद्दल त्या जागी काहीच सांगत नाही. इतरांनी जिथे भाकर ठेवली तिथे त्याने पाणी ठेवले. जेवण चालू असताना येशू उठतो, अंगावरचा झगा उतरवतो, कमरेला पंचा बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो.

त्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये पायांत वहाणा असत आणि रस्ते धुळीचे. पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणे ही रीत होती, पण स्वतः वाकून दुसऱ्याचे पाय धुणे हे गुलामाचे काम. त्यातही खालच्या गुलामाचे, कारण ज्यू धर्मपंडितांच्या एका जुन्या भाष्यात असे म्हटले आहे की स्वजातीय, म्हणजे ज्यू, गुलामाला मालकाने हे काम सांगू नये. शिष्यांतला पेत्र आपली पाळी येताच का दचकला ते यावरून समजते. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला केवळ संकोचाचे वाटले नाही, अमंगळ वाटले. तो नाही म्हणतो. येशू ऐकत नाही. मग पेत्र, त्याच्या स्वभावाप्रमाणे, दुसऱ्या टोकाला जातो आणि नुसते पायच का, हात आणि डोकेही धुवा म्हणतो. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट सहज निसटते. यहूदा अजून त्या खोलीतच बसलेला आहे. तो बाहेर पडतो ते नंतर. म्हणजे विश्वासघात करणाऱ्याचे पायही त्या रात्री धुतले गेले.

आणखी एक तपशील आहे, आणि या साऱ्या परंपरेची किल्ली त्यात आहे. येशू उठला हे सांगण्याआधी योहान मुद्दाम नोंदवतो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे चाललो आहोत, हे येशूला ठाऊक होते. उंची आधी सांगितली आहे, वाकणे त्यानंतर येते.

मराठीत या गुणासाठी शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या इतके जवळ राहतात की घोटाळा होतो. लीन, नम्र, दीन, हीन, लाचार. मराठी ख्रिस्ती लेखनाने त्यांतून ‘लीन’ हा शब्द उचलला, आणि तो उत्तम उचलला. दीन माणूस परिस्थितीने खाली असतो, लाचाराला दुसऱ्याने खाली ठेवलेले असते. लीन मात्र स्वतःहून खाली येतो, आणि खाली यायचे तर आधी वर असावे लागते. ख्रिस्तसभेचा दोन हजार वर्षांचा इतिहास या शब्दांमधल्या फरकाशी झटत आला आहे. कधी तो फरक तिने झळाळून दाखवला, आणि कधी तिनेच तो सोयीस्करपणे पुसून टाकला.

पहिल्या शतकातल्या ग्रीक आणि रोमन माणसाला तर हा गुण वाटलाच नसता. लीनतेसाठी ग्रीक भाषेत जो शब्द होता तो हलकटपणाच्या अंगाने जाणारा होता. अ‍ॅरिस्टॉटलचा आदर्श पुरुष मोठ्या मनाचा, स्वतःची थोरवी ओळखणारा आणि तिचा मान मागणारा. लॅटिनमधल्या ‘ह्युमिलितास’चे मूळ ‘ह्युमुस’ म्हणजे माती, जमीन. जमिनीलगतचा, म्हणजे क्षुद्र. अशा जगात प्रेषित पौलाने फिलिप्पी गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. फिलिप्पी ही निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली रोमन वसाहत. तिथले लोक आपापल्या पदव्या आणि मानमरातब दगडावर कोरून ठेवत. त्यांना पौल सांगतो की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिकामे केले, दासाचे रूप घेतले आणि तो क्रुसावरच्या मरणापर्यंत खाली आला. एकेक पायरी खाली उतरणारी ही पदव्यांची उलटी यादी वाचून एखाद्या म्हाताऱ्या सैनिकाला काय वाटले असेल! क्रूस ही तर गुलामांची शिक्षा. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर, इसवी सनापूर्वी 71 मध्ये, पकडलेल्या सुमारे 6,000 गुलामांना कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने क्रुसांवर टांगले होते. तिथे देव दिसला, असे पौल म्हणत होता.

पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात याच जागेवर बोट ठेवले. प्लेटोच्या अनुयायांच्या ग्रंथांत त्याला देवाच्या शाश्वत शब्दाबद्दल बरेच काही सापडले, पण तो शब्द देह धारण करून खाली आला, हे मात्र कुठे सापडले नाही. ऑगस्टीन बुद्धीने गर्विष्ठ माणूस होता आणि ते त्याला माहीत होते. म्हणून त्याची ही कबुली वजनदार.

मराठी वाचकाला देवाचे वाकणे नवखे नाही. जनाबाईबरोबर दळायला बसणारा, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा विठोबा त्याच्या घरचाच आहे. त्यामुळे 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूला ख्रिस्ताची कथा ओवीत सांगाविशी वाटली, यात नवल नाही. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये साष्टीतल्या राचोल इथे छापले गेले. परक्या देशातल्या विद्वानाने इथल्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसावे, ही लीनताच. पण त्याच साष्टीत 1567 मध्ये पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, हेही त्याच पानावर लिहायला हवे. शब्द वाकत होता आणि सत्ता ताठ उभी होती, एकाच मुलुखात.

लीनता हा उपदेशाचा विषय न राहता रोजच्या वेळापत्रकात कशी शिरली, हे पाहायचे असेल तर सहाव्या शतकातल्या इटलीत जावे लागते. संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी छोटी नियमावली लिहिली, तिच्या सातव्या प्रकरणात लीनतेच्या बारा पायऱ्या आहेत. ते प्रकरण प्रसिद्ध आहे, आणि खरे सांगायचे तर आजच्या वाचकाला जडही जाते. बेनेडिक्टची प्रतिभा खरी दिसते ती स्वयंपाकघरात. पस्तिसावे प्रकरण आठवड्याच्या स्वयंपाक्यांविषयी आहे. मठातले भाऊ आळीपाळीने स्वयंपाक करतील, आजारी माणूस किंवा तसेच महत्त्वाचे काम असलेला सोडून कोणालाही यातून सूट नाही. शनिवारी पाळी संपवणारा भाऊ भांडी घासून-पुसून कोठीच्या कारभाऱ्याच्या हवाली करील, हातपाय पुसायचे पंचे धुऊन टाकील, आणि मग जाणारा व येणारा असे दोघे मिळून सगळ्यांचे पाय धुतील. दर शनिवारी. वर्षातून एकदा नव्हे, आणि आधी धोबिणीकडून धुऊन घेतलेले पायही नव्हेत.

याच नियमावलीत कोठीच्या कारभाऱ्याला एक सूचना आहे, जी घरातल्या कोणाही कर्त्या बाईला पटेल: मठातली सगळी भांडीकुंडी आणि हत्यारे त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावीत. म्हणजे कढई आणि चषक एकाच मोलाचे. पाहुणा आला तर त्याला ख्रिस्त समजून घ्यावे, मठाधिपतीने स्वतः त्याच्या हातांवर पाणी घालावे, सर्वांनी मिळून त्याचे पाय धुवावेत. इथे बेनेडिक्ट एक व्यवहारी टिप्पणी करतो. गरीब आणि यात्रेकरू आले तर अधिक काळजी घ्या, कारण श्रीमंतांचा मान राखायला त्यांचा धाकच पुरेसा असतो. माणसांना ओळखणाऱ्याचे हे वाक्य आहे. पुढे सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा, युद्धात पायाला जखम झालेला एक लंगडा शिपाई वर्षानुवर्षे स्वयंपाक करत राहिला आणि नंतर वहाणा दुरुस्त करू लागला. देवाच्या सहवासाविषयीचे त्याचे बोलणे आणि पत्रे त्याच्या मरणानंतर छापली गेली आणि आजही छापली जातात. चुलीजवळ त्याला जे सापडले ते प्रार्थनामंदिरात सापडले त्याहून वेगळे नव्हते, एवढेच त्याचे म्हणणे होते.

मठाच्या भिंतीबाहेर हे साधणे अवघड गेले. बेनेडिक्टचे चरित्र लिहिणारे पोप पहिले ग्रेगरी यांनी 590 नंतर स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणायला सुरुवात केली. कॉन्स्टँटिनोपलच्या पेट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्माध्यक्षाने, भारदस्त उपाधी लावून घेतली होती, तिला हे उत्तर होते. उपाधी म्हणून नम्रता वापरण्यात थोडी कुरघोडी असतेच. ही पदवी पोपच्या औपचारिक दस्तऐवजांवर आजवर टिकली, पण ती मिरवणाऱ्यांच्या डोक्यावर पुढे तिहेरी मुकुट चढला आणि त्यांना खांद्यांवरच्या खुर्चीतून मिरवण्याची प्रथा पडली. तेराव्या शतकात असिसीचा फ्रान्सिस याच ख्रिस्तसभेत राहून आपल्या साथीदारांना ‘धाकटे भाऊ’ म्हणवत होता, आणि 1220 मध्ये त्याने आपल्याच संघाचे नेतृत्व सोडून दिले. तिहेरी मुकुट उतरायला मात्र 1964 साल उजाडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, पोप सहावे पॉल यांनी आपला मुकुट गरिबांसाठी म्हणून वेदीवर ठेवला. तो आता वॉशिंग्टनमध्ये पाहायला मिळतो. त्यानंतरच्या कोणत्याही पोपचा राज्याभिषेक झाला नाही.

आता या विषयाच्या अवघड जागेकडे यावे. लीनता उंचावरून खाली येणाऱ्याची असेल, तर जो मुळातच खाली आहे त्याने काय करायचे?

लिमा शहरात 1579 मध्ये जन्मलेल्या मार्टिन दे पोरेसचे आयुष्य म्हणजे हा प्रश्नच. बाप स्पॅनिश सरदार, आई पनामाहून आलेली, गुलामीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. बापाने त्याला बराच काळ आपले नाव दिले नाही. पोराने न्हाव्याचे काम शिकून घेतले. त्या काळी त्यात जखमा बांधणे, रक्त काढणे आणि औषधोपचार हे सगळे येई. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो डोमिनिकन मठाच्या दारात आला. आफ्रिकी किंवा इंडियन, म्हणजे मूळ अमेरिकी, रक्ताच्या माणसाला मठाचा पूर्ण सदस्य होता येणार नाही, असा पेरूमधला नियम होता. म्हणून तो गडी म्हणून राहिला. झाडलोट केली, केस कापले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पुढे त्याला ब्रदर म्हणून व्रते घेऊ दिली गेली, पण त्याच्या हातातला झाडू सुटला नाही. आजही लॅटिन अमेरिकेत तो ‘झाडूवाला ब्रदर’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या चित्रांत झाडू असतो आणि पायांशी एकाच ताटलीतून खाणारे कुत्रा, मांजर आणि उंदीर.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मठावर कर्ज झाले आणि मठाधिपती मौल्यवान वस्तू विकायला निघाले. तेव्हा मार्टिन धावत गेला आणि म्हणाला की मला विका, मी मठाचीच मालमत्ता आहे. भाविक चरित्रकार ही गोष्ट लीनतेचा कळस म्हणून सांगतात. आजच्या वाचकाच्या अंगावर मात्र काटा येतो, आणि तो येणे बरोबर आहे. जो समाज या माणसाला खरोखरच विकू शकत होता, त्या समाजात हे वाक्य निव्वळ सद्गुण म्हणून वाचता येत नाही. पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. मार्टिनने मठाच्या आत नियम पाळला आणि बाहेर मोडून काढला. रस्त्यावरच्या गुलामांना, इंडियनांना, रोग्यांना तो स्वतःच्या खोलीत आणून निजवायचा, वरिष्ठ रागावले तरी. अनाथांसाठी त्याने पैसे उभे केले. जो खाली होता त्याने स्वतःहून खालच्यांकडे आणखी एक पाऊल टाकले, आणि त्या पावलापुरता तो स्वतःचा मालक होता. 1639 मध्ये तो वारला. रोमने त्याला संत म्हणायला 1962 साल उजाडले.

हा प्रश्न फक्त सतराव्या शतकाचा नाही. मार्च 2018 मध्ये व्हॅटिकनच्याच दैनिकाच्या महिला मासिकाने एक लेख छापला. कार्डिनलांच्या आणि बिशपांच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी आणि वाढप करणाऱ्या सिस्टरांना नाव घेण्याजोगा पगार नाही, करार नाही, कामाची वेळ ठरलेली नाही, आणि ज्यांना वाढायचे त्यांच्या पंगतीला बसायची सोयही नाही, असे त्या सिस्टरांनीच सांगितले होते. सेवा या शब्दाआड मोलकरणीचे राबणे लपले होते. पुढल्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या सिस्टरसंघांच्या प्रमुखांना स्पष्ट सांगितले की धर्मगुरूंच्या घरची मोलकरीण होण्यासाठी कोणी व्रतस्थ होत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजालाही आपले हिशेब आहेत. बामण, चाड्डो, सुदिर ही विभागणी बाप्तिस्म्याने पुसली गेली नाही आणि चर्चमधल्या काही बंधुसंघांत ती पिढ्यानपिढ्या जपली गेली. ज्यांच्या वाट्याला मिरवणुकीचा मान कधीच आला नाही, त्यांना लीनतेवरचे प्रवचन कसे ऐकू येत असेल?

आणि तरी गोव्यानेच या परंपरेतला एक अस्सल माणूस दिला. जुझे वाझ 1651 मध्ये बाणावलीला, आजोळी, जन्मले. घराणे सांकवाळचे, ब्राह्मण ख्रिश्चन. युरोपियनांचे धर्मसंघ तेव्हा गोवेकरांना सहसा दारात उभे करत नसत, म्हणून गोवेकर धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात स्वतःची ओरेटरी, म्हणजे धर्मगुरूंचा संघ, उभी केली होती. वाझ तिच्यात आले आणि तिला शिस्त लावली. पण त्यांचे लक्ष समुद्रापलीकडे होते. श्रीलंकेत डचांची सत्ता आल्यापासून कॅथॉलिक धर्मगुरूंना बंदी होती. 1687 मध्ये वाझ मजुराच्या वेशात, अनवाणी, तिथे उतरले. त्यांना आजार झाला, भीक मागून पेज प्यावी लागली. 1692 मध्ये पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कँडीच्या राजाने कैदेत टाकले.

1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि ऐपतदार लोक नगर सोडून गेले, रोगी रानात टाकून दिले गेले. वाझ आणि त्यांचा भाचा फादर जुझे कार्व्हाल्यो यांनी त्या रोग्यांसाठी खोपटी उभारली, त्यांना धुतले, भरवले, आणि मेले त्यांना पुरले. त्यात बौद्ध होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते. बौद्ध राजाने पुढे त्यांना राज्यात मोकळीक दिली ती या कामामुळे. गोव्यात ज्या कुळाचा मान होता ते कुळ कँडीच्या रानात कोणाला ठाऊक नव्हते, आणि वाझनी ते कधी सांगितलेही नाही. 1711 मध्ये ते कँडीतच वारले. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोच्या समुद्रकाठी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत जाहीर केले.

वसईचे गोन्सालो गार्सिया हे त्यांच्याही आधीचे. जेझुइटांबरोबर जपानला गेलेल्या या मुलाला संघात घेतले गेले नाही. त्याने व्यापार केला, भरपूर कमावले, आणि मग सगळे सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. जपानी भाषा त्याला येत होती, वरिष्ठांना येत नव्हती. म्हणून 1593 पासून तो दुभाष्या झाला, दुसऱ्याचे शब्द बोलणारा. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले.

सगळ्यांच्या वाट्याला साथ आणि क्रूस येत नाही. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात तेरेजा नावाची तरुण सिस्टर होती. ती 1897 मध्ये, 24 वर्षांची असताना, क्षयाने गेली. धुणे धुताना समोरची सिस्टर मळके पाणी तिच्या तोंडावर उडवायची. मागे सरकावे, तोंड पुसावे, म्हणजे समोरचीला समजेल, असे तिला वाटायचे. मग तिने ठरवले की हे शिंतोडे फुकट मिळणारा ठेवा आहे. ती हसतच तिथे उभी राहिली. इतकी बारीक गोष्ट! पण एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही विचारावे, रानातली साथ सोपी की मोरीवरचे शिंतोडे. ख्रिस्तसभेने या मुलीला 1997 मध्ये धर्मपंडितांच्या रांगेत बसवले. त्या रांगेत ऑगस्टीन आहे.

भारतात या विषयाचे नाव काढले की डोळ्यांपुढे येते ती निळ्या काठाची पांढरी साडी. मदर तेरेसांनी 1948 मध्ये लोरेटोच्या शाळेची सुरक्षित चौकट सोडली आणि 1952 मध्ये कालीघाटच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेत मरणासन्न माणसांसाठी निर्मल हृदय सुरू केले. त्यांच्या सिस्टरांच्या साड्या कोलकात्याजवळच्या टिटागढला कुष्ठरोगी विणतात. सेवा करणारीच्या अंगावर सेवा घेणाऱ्याने विणलेले कापड, हे दुहेरी नाते फारसे कोणी लक्षात घेत नाही. टीकाही झाली, आणि ती सगळीच वाह्यात नव्हती. 1994 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाने निर्मल हृदयातील निदानाच्या आणि वेदनाशमनाच्या उणिवा दाखवल्या. लीन हातांनाही वैद्यकशास्त्र शिकावे लागते, हा आक्षेप रास्त आहे. 2007 मध्ये त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली: जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देव जाणवत नव्हता. त्या अंधारात त्या रोज पहाटे उठून कामाला लागत होत्या. नोबेल घेतानाही.

पाय धुण्याच्या विधीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. 1955 मध्ये पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याचे विधी सुधारले आणि पाय धुणे गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत आणले. आज वसईपासून मडगावपर्यंतच्या चर्चमध्ये ते दिसते ते या बदलामुळे. बारा जण बाकावर बसतात, धर्मगुरू अंगरख्यावरचा जड झगा उतरवून पंचा बांधतात. बहुतेक जण घरून साबणाने पाय घासून आलेले असतात, एलिझाबेथची धोबीण प्रत्येकाच्या मनात असतेच. नियमात मात्र ‘पुरुष’ असे स्पष्ट म्हटले होते. 28 मार्च 2013 रोजी, पोप होऊन पंधरा दिवस झाले असताना, फ्रान्सिस रोमच्या कासाल देल मार्मो बालसुधारगृहात गेले आणि बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या, मुस्लिम होते. नियम पुस्तकात तसाच राहिला आणि पोपने तो मोडला. अखेर जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला. त्याच वर्षी, ब्रसेल्समधल्या बॉम्बस्फोटांना दोन दिवस झाले असताना, त्यांनी रोमजवळच्या निर्वासित केंद्रात मुस्लिमांचे, कॉप्टिक स्त्रियांचे आणि भारतातून आलेल्या एका हिंदूचे पाय धुतले.

यात दिखावा नव्हता का? कॅमेरे होते, हे खरे. पण 11 एप्रिल 2019 रोजी, व्हॅटिकनमध्ये दक्षिण सुदानच्या एकमेकांचे वैरी असलेल्या नेत्यांपुढे, ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस कोणाला काही न सांगता गुडघ्यांवर आला आणि त्यांच्या बुटांचे चुंबन घेऊ लागला. तेव्हा त्या नेत्यांच्या चेहऱ्यावर जो संकोच दिसला तो पेत्राचा होता.

2024 सालापर्यंत त्यांना गुडघे टेकता येईनासे झाले होते. रोमच्या रेबिब्बिया तुरुंगातल्या बारा स्त्री कैद्यांना त्या गुरुवारी उंच चौथऱ्यावर बसवावे लागले, म्हणजे चाकांच्या खुर्चीतल्या पोपचे हात त्यांच्या पायांपर्यंत पोचतील. कैदी वर, पोप खाली, आणि मधे गंगाळ. बायका रडत होत्या. पुढच्या वर्षी 17 एप्रिलला ते रेजिना चेली तुरुंगात गेले. या वेळी पाय धुणे जमणार नाही, पण तुमच्याजवळ यायचे होते, असे त्यांनी कैद्यांना सांगितले. अर्धा तास बसले आणि परतले. चार दिवसांनी, ईस्टरच्या सोमवारी, ते गेले.